नव्या गाडीची टाळू

आमच्या घरात दोन माणसं होती आणि एक गाडी. दोन माणसं म्हणजे मी आणि माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायची. आमचं भांडण कधी झालं नाही, पण बोलणंही फारसं नव्हतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. पुढे माझा नवराही गेला आणि सून-सासऱ्याच्या मधला दुवाच निखळला. मग बोलणार तरी कशाबद्दल? त्यानंतरच्या वर्षात 'जेवायला वाढू का' आणि 'वाढ' एवढ्या दोन वाक्यांवर आमचे दिवस निघायचे. मग गाडी आली आणि आम्हाला विषय मिळाला.

गाडी हौसेनं घेतली नव्हती. साजगावच्या ज्या कारखान्यात मी नोकरीला आहे, त्यांनी कर्जतच्या बाजूची बस बंद केली. दहिवलीहून साजगाव तसं लांब नाही, पण रोज वेळेवर पोचायचं तर दुसऱ्याच्या भरवशावर राहून चालत नाही. मी घाबरत घाबरत विषय काढला. मला वाटलं होतं, म्हणतील, बाईमाणसाला गाडी कशाला. मामा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "घे. शिकवतो मी."

मामांनी उभं आयुष्य कर्जत स्टेशनबाहेर रिक्षा चालवली. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा रिक्षा विकली, आणि त्यानंतर ते ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नुसते आवाज ऐकायचे. कुणाचा क्लच गेलाय, कुणाची चेन ढिली झालीय, हे त्यांना न बघता कळायचं. मला शिकवायला ते पळसदरीच्या धरणाकडच्या रस्त्यावर न्यायचे. शनिवार-रविवार सोडून, कारण तेव्हा तिथे मुंबईची माणसं चिकन शिजवत बसलेली असतात. मामा डावीकडे, हात गुडघ्यांवर ठेवून बसायचे. ओरडले कधी नाहीत. माझं माहेर जुन्नरकडचं, म्हणून चढ आला की मुद्दाम म्हणायचे, "घाटावरची हायेस ना गं? मग चढाला काय घाबरतेस?"

पळसदरी सोडल्यावर खोपोलीच्या बाजूला एक चढ लागतो. फार मोठा नाही, पण तिसऱ्या गिअरमध्ये गाडी तिथे दम टाकते. मी दरवेळी गिअर बदलायला उशीर करायची आणि मामा दरवेळी एकच वाक्य म्हणायचे, "दुसऱ्यात टाक." पुढे मला गाडी चांगली यायला लागली, तरी त्यांचं ते वाक्य सुटलं नाही. मी गिअरला हात घालायच्या आत ते म्हणून मोकळे व्हायचे. मला राग यायचा. मी तोंडाची फटकळ आहे, दोनदा म्हटलंही, "मामा, कळतं मला." ते बरं म्हणायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

सकाळी मी उठायच्या आधी मामा गाडी पुसून ठेवायचे. त्यासाठी जुन्या धोतराचा एक तुकडा होता, तो तारेवर वेगळा वाळायचा. मग गाडी चालू करून, मान तिरकी करून ऐकत उभे राहायचे. मी चहा घेऊन बाहेर आले की हालहवाल सांगायचे. "डाव्या चाकात हवा कमी हाय." "काल कुठं खड्ड्यात घातलीस?" संध्याकाळी मी आले की रस्त्यात काय झालं ते मी सांगायची. कोण आडवा आला, कुठे टेंपो उलटला, कुणाला मी काच खाली करून काय सुनावलं. ते ऐकून मामा हसायचे. नवरा गेल्यानंतर त्या घरात हसण्याचा आवाज आला तो गाडीमुळे, हे मी छातीठोकपणे सांगते.

मामांची एक गोष्ट मी पन्नासदा ऐकली असेल. जुन्या रिक्षांची इंजिनं वेगळी असायची. त्यांच्या पेट्रोलात मोजून तेल मिसळावं लागायचं, नाहीतर इंजिन आतल्या आत सुकून जागच्या जागी अडकायचं. रिक्षावाले त्याला 'इंजिन धरलं' म्हणतात. माझा नवरा कॉलेजात असताना एकदा हौसेनं रिक्षा घेऊन गेला आणि नुसतं पेट्रोल भरून आला. दहिवलीच्या अलीकडेच इंजिन धरलं. मामांनी त्या दिवशी पोरावर हात उचलला, आयुष्यात एकदाच. गोष्टीच्या शेवटी ते नेहमी म्हणायचे, "आतलं दिसत नाय गं. भायेरून ठणठणीत दिसतं आणि आतून सुकलेलं असतं." माझा नवरा असाच गेला होता. सकाळी हसत कामावर गेला आणि दुपारी त्याचं हृदय थांबलं. मामा हे इंजिनाबद्दल बोलत नाहीत, हे मला कळायचं. 

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात गाडी बिघडायला लागली. सकाळी मागून निळसर धूर यायचा. मी विचारलं तर मामा म्हणाले, थंडीनं येतो. मग त्या पळसदरीच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा गाडी रडायला लागली. आधी मामांनाच ते कळलं. म्हणाले, "गुदमरतेय. मागून श्वास अडकतोय तिचा." त्यानंतर थोड्याच दिवसांत समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

मला चिंता नव्हती. गाडी वॉरंटीत होती. जुन्या हायवेला, चौक गावाच्या पुढे, आमच्या गाडीचं सर्विस सेंटर आहे. पहिल्या खेपेला त्यांनी दिवा घालवून दिला. आठवड्याभरात तो परत लागला. दुसऱ्या खेपेला त्यांनी गाडी ठेवून घेतली आणि मला बोलावून सांगितलं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय. मी म्हटलं, हे काय असतं ते मराठीत सांगा. तिथला माणूस शांत स्वभावाचा होता. त्याने समजावून सांगितलं. इंजिनातला धूर बाहेर पडायच्या आधी एका डब्यातून जातो. त्या डब्यात चिनीमातीची बारीक जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी. तिच्यावर महागड्या धातूचा मुलामा असतो आणि त्याला लागून विषारी धूर निवळतो. तो डबा गाडी म्हातारी होईपर्यंत टिकतो. आमचा दोन वर्षांच्या आत गेला होता.

"आत सगळी तेलाची राख बसलीय, ताई," तो म्हणाला. "इंजिन तेल पीत नाही, ते मी तपासलं. म्हणजे तेल पेट्रोलातूनच येतंय. टाकीत काही टाकता का?"

मी म्हटलं, "पेट्रोल टाकते. आणखी काय टाकणार, फोडणी?"

तिथून निघाले ती कर्जतला येऊन थेट पेट्रोल पंपावर गेले. काय तोंडाचा पट्टा सोडला म्हणून सांगू! भेसळ करता, तेल मिसळता, बायामाणसांना लुबाडता. पंपाच्या मॅनेजरने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एका कागदावर पेट्रोलचा थेंब टाकून दाखवला. थेंब डाग न सोडता उडून गेला. म्हणजे पेट्रोल चोख होतं. मी म्हटलं, कागदही तुमचाच असेल, आणि तणतणत घरी आले.

मामा ओटीवर वाल सोलत बसले होते. भिजवून मोड आणलेले कडवे वाल, बिरड्यासाठी. मी चप्पल काढता काढताच सुरू झाले, "पंपवाल्याला आज असा झापलाय, मामा. आपल्या पेट्रोलात तेल सापडलंय, तेल."

"सापडणारच," मामा म्हणाले. "पंपवाल्याला कशाला झापलंस? मी टाकतो ना."

मी विचारलं, "केव्हापासून?"

"आली तवापासून. तू टाकी भरून आणलीस का दुसऱ्या दिवशी सकाळी एक फुलपात्र."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगायचं काय त्यात? भातात मीठ घातलं मनून कोन सांगत फिरतं?" त्यांनी एक वाल दाबला, डाळिंबी वाटीत पडली. "तान्ह्या पोराची टाळू भरतात का नाय? तसं नव्या इंजिनाचं. दोन वर्सं तरी टाळू भरायला लागते. नाय भरली तर आतून सुकतं. आता गुदमरायला लागली, तर मी दोन फुलपात्रं केली."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हे. कळसा माझ्याच काखेत होता आणि पंपावर मी तमाशा करून आले होते. ओठांवर सगळं आलं होतं. मामा, तो जमाना गेला. मामा, या इंजिनाला ते नको असतं. मामा, त्या तेलानंच ती जाळी मेली. एरवी मी अर्धा शब्दही गिळला नसता. पण ते वाल सोलत होते, तोंडावर समाधान होतं, आणि मला एकदम दिसलं की या माणसाचा मुलगा आतून सुकून गेला आणि याला काही करता आलं नाही. ही गाडी तरी सुकू नये म्हणून हा रोज पहाटे उठत होता.

"मग कंपनी काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"देतील बदलून," मी म्हटलं आणि सालं उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून मी सर्विस सेंटरला फोन केला. सांगितलं, वॉरंटीचं राहू द्या, चूक आमचीच आहे, घरातल्याच माणसानं पेट्रोलात तेल टाकलंय. डबा नवा बसवा, खर्च मी करते. तो माणूस चकित झाला. म्हणाला, ताई, असं आपणहून कोणी सांगत नाही. मी म्हटलं, घरी मोठं माणूस आहे, त्याला हे कळता कामा नये, म्हणून घाई आहे. टाकीचं कुलूप कसं बदलायचं, तेलाची बाटली कुठे हलवायची, याचाही मी विचार करून ठेवला होता. मामांना सांगणार होते की आता दोन वर्षं झाली, आता टाळू भरून आली. माझ्या डोक्यात सगळं बसलं होतं.

गाडी आणायला जायच्या दिवशी मामा ठेवणीतला पांढरा शर्ट घालून तयार. मी म्हटलं, तुम्ही कशाला दगदग करता, मी आणते.

"नको. एकटी बाई बघून गंडवतात ती लोकं. मी हाय ना."

मी खूप टाळलं. ऐकले नाहीत. आम्ही रिक्षानं गेलो, मामा पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी, एका मांडीवर टेकून, त्याचं इंजिन कसं वाजतंय ते त्याला सांगत. त्यांना मी इतकं खुशीत बऱ्याच दिवसांनी पाहत होते. मला वाटलं, निभावून जाईल.

मी पैसे भरायला आतल्या खिडकीशी उभी होते. तेवढ्यात मामा बाहेर त्या माणसाकडे गेले, माझी बाजू मांडायला. वॉरंटीत असून माझ्याकडून पैसे घेतायत, हे त्यांनी काचेतून पाहिलं होतं. मी पावती घेऊन धावत बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता.

"आमची हयगय नाय यात. पैल्या दिवसापासून हातानं तेल घालून पाळलीय ती गाडी. एक दिस कोरडी चालली नाय. मग वॉरंटी कशी देत नाय तुमी?"

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली, पण त्याला ते समजलं नाही. त्याच्या तोंडून निघून गेलं, "आजोबा, तेलामुळेच तर गेलाय तो. ताईंनी स्वतःच सांगितलं आम्हाला फोनवर."

मग त्याने समजावून सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, नीट, शांतपणे. कोपऱ्यात ठेवलेला जुना डबा आणून दाखवला. तो कापलेला होता. आतली जाळी राखेनं भरून बुजून गेली होती. मामांनी तो दोन्ही हातांत घेतला. डोळ्यांजवळ नेला, कारण त्यांना नीट दिसत नव्हतं. मग एका बोटानं ती राख चाचपली आणि बोट शर्टाला पुसलं, त्या पांढऱ्या शर्टाला.

"तुला माहीत होतं?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"कवापासून?"

"तुम्ही वाल सोलत होतात, त्या दिवसापासून."

"मग बोलली का नाय?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, मामा."

त्यांनी मान डोलावली. रागावले असते तर मला चाललं असतं. गाडी समोर आणून लावली होती, धुऊन चकचकीत केलेली. मामा गाडीपाशी गेले, मागचं दार उघडलं आणि मागे बसले.

"मामा, पुढे बसा ना."

"मागं बरं हाय."

मामांना मी कधी कुठल्याही गाडीत मागे बसलेलं पाहिलं नव्हतं. नात्यातल्या लग्नाच्या जीपमध्येसुद्धा ते भांडून पुढची जागा घ्यायचे. चौकपासून दहिवलीपर्यंत ते काचेतून बाहेर बघत बसले, आणि मला आरशात फक्त त्यांची टोपी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले. गाडीवर दव तसंच होतं. धोतराचा तुकडा तारेवर वाळत पडलेला होता. आत मांडणीवर ते फुलपात्र घासून, लखलखीत करून, बाकीच्या भांड्यांत ठेवलेलं होतं. मामा देवळात गेले होते. इतक्या वर्षांत मामा सकाळी देवळात कधी गेले नव्हते.

त्यानंतर ते गाडीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी काय काय केलं नाही. टायरमध्ये हवा आहे का बघा म्हटलं, तर म्हणाले, पंपावर बघून घे. ब्रेक वाजतोय का म्हटलं, तर म्हणाले, "सर्विस सेंटरला दाखव. मला काय कळतंय गं त्यातलं." त्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट बोलले असते आणि मोकळी झाले असते. ते खरंच तसं मानत होते. मी त्यांचा मान राखायला गेले आणि त्यांच्याकडे तेवढंच एक उरलेलं होतं, तेच गेलं. दसऱ्याला गाडीची पूजा मी एकटीनं केली. संध्याकाळी मी रस्त्यातल्या गोष्टी सांगायची, ते ऐकून घ्यायचे, पण हसायचे नाहीत. हळूहळू माझंही सांगणं थांबलं. पुन्हा 'वाढू का' आणि 'वाढ'.

त्यांना डोळे दाखवायला मी खोपोलीला न्यायची, तेव्हा पळसदरीच्या चढावर मी मुद्दाम तिसरा गिअर ठेवायची. गाडी थरथरायची, डॅशबोर्ड खडखडायचा. नवशिक्यालाही कळावं इतकी गाडी रडायची. मी वाट बघायची. मामा मागे बसून काचेबाहेर बघायचे. मग मीच गिअर बदलायची.

या पावसाळ्यानंतर मामांच्या छातीत पाणी झालं. आधी कर्जतला दाखवलं, मग खोपोलीला दाखल करायचं ठरलं. भावकीतल्या दोघांनी त्यांना उचलून मागच्या सीटवर आडवं केलं, उशाला माझी साडी दिली. दुपारची वेळ होती. ते दोघं मोटारसायकलवर पुढे गेले आणि गाडीत आम्ही दोघंच उरलो. मामा डोळे मिटून होते. त्यांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता, आणि मध्येच तो थांबला की माझा जीव वर यायचा. मी रस्त्याकडे कमी आणि आरशात जास्त बघत होते. पळसदरी कधी गेली, चढ कधी लागला, मला समजलं नाही. त्या दिवशी मी मुद्दाम काही केलं नव्हतं. गिअर तिसराच राहिला होता आणि गाडी दम टाकायला लागली होती.

मागून आवाज आला, बारीक, पण स्पष्ट.

"दुसऱ्यात टाक."

मी दुसऱ्यात टाकली. गाडी सावरली आणि चढ चढून गेली. समोरचं मला काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. मी कशीबशी म्हणाले, "टाकली, मामा." ते हुं म्हणाले.

दवाखान्यात त्यांच्या तोंडाला नळी लागली. त्यानंतर त्यांना बोलता आलं नाही आणि ते घरी परतले नाहीत. आमच्यात शेवटचं बोलणं झालं ते एवढंच, आणि ते गाडीबद्दल होतं.